टिकटिक न करणारी सायकल

जगात असा एकही माणूस झाला नसेल, ज्याच्यावर माझ्या सासऱ्यांनी संशय घेतला नाही, आणि असं म्हणताना मी खुद्द त्यांनाही वगळलेलं नाही. डॉक्टर, एसटीचा ड्रायव्हर, भिंतीवरचं घड्याळ, पंचांग आणि जावई हे त्यांचे कायमचे संशयित. बाकीचे प्रसंगाप्रसंगाने यादीत येत, आणि एकदा आलेलं नाव पुन्हा खोडलं गेल्याचं मला आठवत नाही. दूधवाल्यावर संशय घेणारी माणसं गावोगाव असतात. माझे सासरे म्हशीवर घेत. ती नेमकी त्यांना पाहूनच का हंबरते, याचा त्यांनी एकदा आठवडाभर तपास केला होता. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला मी त्यांच्या पाया पडलो, तर आशीर्वाद देण्याआधी त्यांनी खाली वाकून, माझा हात खरोखर पायाला लागला की जमिनीला, ते पाहून घेतलं. लागला होता. तरीही आशीर्वाद जरा आखडत्या आवाजातच आला.

ते राहायचे वरवट बकालला, आणि जवळच्या एका जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाची पारख करायची नोकरी करायचे. हंगामात बैलगाड्यांची रांग लागली की हे सदऱ्याची बाही वर सारत, गाडीला टेकून उभे राहत आणि डोळे मिटून हात कोपरापर्यंत कापसात खुपसत. वरच्या थराला पांढराशुभ्र, वाळलेला कापूस सगळेच ठेवतात. आत पाणी मारलंय का, तळाशी किडका माल दडवलाय का, हे त्यांची बोटं सांगायची. गाडीवान तोवर दुसरीकडे बघत तंबाखू मळत असे, आणि तो किती जोरात मळतो यावरूनही सासऱ्यांना निम्मा निकाल कळत असे. तीस वर्षं हाच उद्योग केलेल्या माणसाने जगाबद्दल दुसरं काय मत करून घ्यावं? त्यांचं म्हणणं असं, की माणूससुद्धा गाडीसारखाच भरलेला असतो. वरचा थर तो आपणहून दाखवतो, आतला आपण काढायचा. अडचण एवढीच, की माणसात कोपरापर्यंत हात घालता येत नाही. ती अडचण त्यांनी सायकलने सोडवली होती.

माणूस बोलताना खोटं बोलू शकतो, चालतानाही ऐटीत खोटं चालू शकतो. पण सायकलवर बसला की त्याला तोल सांभाळावा लागतो आणि सोंग सांभाळायला हात मोकळे राहत नाहीत, असा त्यांचा सिद्धांत होता. त्यातही तो सायकल कशी चालवतो हे दुय्यम. ती कशी चालवताना त्याला मजा येते, हे खरं. जिनातून सुटले की ते गफूर मिस्त्रींच्या सायकल दुकानापुढच्या बाकावर येऊन बसत आणि संग्रामपूरच्या रस्त्याने येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक सायकलीवर नजर ठेवत. गफूर मिस्त्री पंक्चर काढता काढता हसायचे. त्यांच्या मते सायकल कशीही चालवली तरी मजाच येते, आणि ज्याला येत नाही त्याने छर्रे बदलून घ्यावेत. सासऱ्यांना हे मत पटत नसे. दुनियेतल्या सगळ्याच गोष्टी ज्याला बऱ्या वाटतात, तो काहीतरी लपवून राहिला आहे, असं ते मिस्त्रींच्या देखतच म्हणत. मिस्त्री मान डोलवत आणि पाण्याच्या घमेल्यात ट्यूब दाबून बुडबुडे शोधत.

त्या बाकावरून त्यांनी तिथल्या सगळ्या तालुक्याची वर्गवारी केली होती. उभं राहून पायडल मारण्यात ज्याला मजा येते, त्याच्या मागे कुणीतरी लागलेलं असतं किंवा लागणार असतं. कारण नसताना घंटी वाजवणारा घरात बायकोला घाबरतो. हात सोडून चालवणाऱ्या तरुणांबद्दल ते म्हणायचे, "ज्याले हात सोडून मजा येते, तो घरचं काय धरून ठेवंन?" दोघे मित्र दोन सायकलींवर, एकाचा हात दुसऱ्याच्या खांद्यावर, असे गप्पा मारत जाताना दिसले, की दोघांपैकी फुकट ओढला जाणारा कोण, हे ते आधी हेरत. पोरांची कैची मात्र त्यांना पसंत होती. दांडीखालून पाय घालून, अंग वाकडं करून, ओठ दाताखाली धरून कैची मारणाऱ्याच्या तोंडावर सगळं लिहिलेलं असतं. त्याच गावचा एक शिंपी चाळिशी उलटली तरी कैचीच मारायचा, सीटवर बसायला त्याला भीती वाटायची. संबंध गावात सासऱ्यांनी माप द्यायला विश्वासाने अंग पुढे केलं ते त्या एकट्या शिंप्यापुढे.

पोळ्याच्या सुमारास एका वर्षी गावात सावकाश सायकल चालवण्याची शर्यत ठेवली होती. जो पाय न टेकता सगळ्यात शेवटी पोचेल त्याचा नंबर पहिला. सासरे ही शर्यत पाहून फार अस्वस्थ झाले. इतक्या माणसांना एकाच वेळी न जाण्यात मजा येते आहे, हे त्यांना बघवेना. जिंकलेल्या तरुणाला त्यांनी बाजूला घेऊन विचारलं, "जायचंच नोयतं, तं बसला कायले बे?" मी तिथल्या शाळेत मास्तर होतो; त्या बिचाऱ्याने दोन दिवसांनी मला विचारलं, की गुरुजी, माझं काही चुकलं का.

डबलसीट हा तर त्यांच्या दृष्टीने गुन्हाच. सगळ्यात जास्त मजा कॅरिअरवर मागे बसणाऱ्याला येते हे त्यांना मान्य होतं, पण त्यांनी आयुष्यात कधी कुणाला मागे बसवलं नाही, आणि स्वतः तर कुणाच्या मागे बसतच नसत. मागे बसलेल्याचं तोंड दिसत नाही, आणि पुढे बसलेल्याचे हात दिसत नाहीत, हे त्यांचं कारण. सासूबाईंना एकदा ताप भरला असतानाही त्या बैलगाडीतून दवाखान्यात गेल्या आणि हे गाडीच्या शेजारून, बैलांच्या चालीने, सायकलवर.

त्यांची स्वतःची सायकल काळी, उंच, सरळ दांडीची होती. तिला मडगार्ड नव्हते. तिकडची काळी माती पावसाळ्यात चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये अशी गच्च बसते की सायकल जागच्या जागी अडते आणि माणसाला ती खांद्यावर घ्यावी लागते, म्हणून बरेच लोक आषाढात मडगार्ड काढून ठेवतात. यांनी ते बाराही महिने काढलेले, कारण पावसावर त्यांचा विश्वास नव्हता. सायकल घरी ओसरीवर लावताना ते मागचं चाक फिरवून हवेचा वॉल बरोबर तळाशी, जमिनीसमोर आणत. सकाळी वॉल तिथेच असेल तर सायकलला कुणी हात लावला नाही. इंचभर जरी सरकला असेल तरी घरातल्या सर्वांची साक्ष होई.

आणि त्या सायकलची मोठी खूण म्हणजे ती कधी टिकटिक करत नसे. सायकल चालवणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे, की आपण पायडल मारायचं थांबवलं आणि सायकल आपसूक पळू लागली, की मागच्या चाकातली फ्री टिकटिक वाजते. सासऱ्यांच्या कानाला हा जगातला सगळ्यात खोटा आवाज होता. टिकटिक म्हणजे माणूस पुढे तर चाललाय, पण मेहनत करत नाहीये. ते स्वतः घरून निघाल्यापासून जिनाच्या फाटकापर्यंत एकदाही पायडल थांबवत नसत. ब्रेक लावायची वेळ आली तरी पाय चालूच. रस्त्याने येणारी टिकटिक ऐकली, की ते बाकावरून मान न वळवता म्हणत, "आला, फुकटचा."

आता माझी अडचण सांगतो. मी बुलढाण्याचा, म्हणजे घाटावरचा. आमच्या जिल्ह्याचे घाटावरचे आणि घाटाखालचे असे दोन भाग आहेत, आणि दोघांना एकमेकांविषयी बरंच काही म्हणायचं असतं. नवा महाराष्ट्र होऊन थोडेच दिवस झाले होते, मी नुकताच मास्तर झालो होतो आणि माझी पहिली नेमणूक वरवट बकालच्या शाळेत झाली. सोबत सायकल आणली. घाटावर वाढलेल्या प्रत्येक पोराप्रमाणे मलाही सायकलची एकच मजा ठाऊक होती. चढ पायी चढायचा, माथ्यावर क्षणभर थांबायचं, आणि मग पाय स्थिर ठेवून, वारा कानांत भरून घेत, खालपर्यंत सोडून द्यायचं. घाटाखालचा मुलूख सपाट, तिथे उतार म्हणून नाहीच. तरी सवयीने मी चार पायडल मारून जरा पाय थांबवायचो. पहिल्याच दिवशी मिस्त्रींच्या दुकानासमोरून मी टिकटिक करत गेलो, आणि बाकावरच्या टोपीवाल्या गृहस्थांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर पुढे मी वीस वर्षं पाहिली.

याच गृहस्थांच्या घराला लागून माझी भाड्याची खोली होती. खोलीच्या मागच्या खिडकीतून त्यांचं खळं दिसायचं. एका रविवारी दुपारी सासरे जेवून झोपले होते आणि त्यांची मुलगी, लुगड्याचा पदर खोचून, बापाची ती उंच सायकल कैची मारत खळ्यात गोल गोल फिरवत होती. वीस वर्षांची मुलगी, आणि तोंडावर आनंद असा की मी खिडकीतून बाजूला व्हायचं विसरलो. पण माझं मन जडलं ते त्यावर नाही. फिरून झाल्यावर तिने सायकल ओसरीवर नेली, मागचं चाक उचललं आणि जिभेचं टोक बाहेर काढून, हळूहळू फिरवत, वॉल बरोबर तळाशी आणून ठेवला. मग पदराने टायरची माती पुसली. अशा बापाला चकवणाऱ्या या मुलीशीच लग्न करायचं, हे मी त्या क्षणी ठरवलं. तिचं नाव कुसुम.

आमच्या हेडमास्तरांनी मध्यस्थी केली. जातपात, पत्रिका, माझी आई, सगळं जुळण्यासारखं होतं. सासऱ्यांनी नाही म्हटलं नाही. ते म्हणाले, पाहून घेतो. हे पाहून घेणं सहा महिने चाललं. मी शाळेत जाताना ते ओसरीवर, येताना मिस्त्रींच्या बाकावर. हेडमास्तरांकडून मला कळलं की त्यांना बाकी सगळं ठीक वाटतं, फक्त मुलगा घाटावरचा आहे आणि उतारावर वाढलेल्या माणसाला संसारातही पायडल मारायची सवय नसणार, असं त्यांना वाटतं. त्याच सुमाराला माझ्या वर्गातल्या वह्यांच्या गठ्ठ्यात एक चिठ्ठी आली. अक्षर ओळखीचं नव्हतं, पण मजकुरावरून ओळखलं. "पाय थांबवू नका. बाबा कान लावून असतात." आयुष्यात मला आलेलं ते एकमेव प्रेमपत्र.

मी पाय थांबवणं सोडलं. पण तेवढ्याने भागणार नव्हतं, कारण सायकलला मागील इतिहासही असतो. एके दिवशी सासरे माझ्या सायकलजवळ उकिडवे बसलेले दिसले. घाटावरच्या सायकलीचे ब्रेकचे रबर पार झिजलेले असतात आणि पायडलांचे रबर कोरेकरकरीत, नक्षीसकट. हे त्यांच्यासारख्या पारख्याला दिसणारच. त्या दिवशी ते काही बोलले नाहीत, अंधारून आलं होतं म्हणून नीट पाहता आलं नसावं असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी मी गफूर मिस्त्रींकडे गेलो, ब्रेकला नवे रबर टाकून घेतले, आणि त्यांची कानस मागून पायडलांचे रबर घासायला बसलो. मिस्त्रींनी बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "मास्तर, झीज अलग चीज हाय. कानसीनं येत नाय." मी ऐकलं नाही. चारही रबर मी छान गुळगुळीत केले.

रविवारी सासरे स्वतः माझ्या खोलीवर आले. बसा म्हटलं तर बसले नाहीत. सायकल कुठाय म्हणाले. बाहेर येऊन त्यांनी एक पायडल हाताने फिरवलं, मग दुसरं. बोटाचं टोक रबरावरून नेलं, डोळे मिटून, गाडीतला कापूस बघावा तसं. मी तंबाखू खात नाही, नाहीतर मळायला घेतली असती.

"दोनीकडचे सारखे झिजले," ते म्हणाले. "माणूस सायकलवर चढते डाव्या पायानं. डावं आंधी झिजते, उजवं मांगून. हे झिजलं नाई मास्तर, हे घासलं."

शेजारच्या ओसरीवर बांगड्या वाजल्या आणि थांबल्या.

"तुमी फुकट चालवता हे मले मालूम होतं. त्याचं काई नाई, सवय असते एखाद्याची. पन पानी मारलेला कापूस मी घेत नाई."

ते गेले. त्यानंतरचे पंधरा दिवस मी कसे काढले ते मला आठवायचं नाही. माझ्यात वाईट काही होतं असं नाही, पण वरचा थर मी हाताने रचला होता हे खरंच होतं, आणि ज्या माणसाला जगात कुणीच खरं वाटत नव्हतं त्याला मी बिनतोड पुरावा दिला होता. शेवटी मी हेडमास्तरांकरवी निरोप धाडला. चूक झाली, म्हटलं, पण मामाजींनी एकदा माझं गाव आणि घर डोळ्यांनी पाहावं, मग नाही म्हणावं. सासऱ्याला आमच्याकडे मामाजी म्हणतात. मी ते जरा आगाऊपणानेच म्हटलं होतं. दोन दिवसांनी उत्तर आलं, येतो. माझी समजूत अशी की त्यांना घर पाहायचं नव्हतं. माणूस असा का होतो, हे त्यांना मुळाशी जाऊन पाहायचं होतं.

आम्ही एसटीने बुलढाण्याला गेलो. दोघांच्याही सायकली टपावर. पूर्ण प्रवासभर ते दर थांब्यावर खाली उतरून टपाकडे बघत होते. माझ्या आईने पुरण घातलं होतं. त्यांनी पहिला घास माझ्याकडे बघत खाल्ला आणि मी दोन घास गिळेपर्यंत दुसरा घेतला नाही. घर पाहिलं, विहीर पाहिली. विहिरीचं पाणी गोड लागलं तेव्हा मात्र ते विचारात पडले. खाली वरवट बकालकडे पाणी खारं. त्या पाण्याने सायकल धुतली की चार दिवसांत तांबेरा चढतो. इतक्या गोड पाण्यावर वाढलेला माणूस आळशी निघाला तर नवल नाही, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. परत निघताना म्हणाले, बसने नको, तुमी कसे येता तसंच जाऊ. बोथ्याचा घाट उतरून खामगावपर्यंत सायकलवर, पुढे एसटी.

पायडल मारत घाट उतरणारा माणूस मी त्या दिवशी पहिल्यांदा आणि शेवटचा पाहिला. धोतराचा काचा नीट मारून, टोपी कानापर्यंत ओढून, सासरे माथ्यावरून निघाले आणि त्यांनी पाय चालू ठेवले. पहिलं वळण ठीक गेलं. दुसऱ्या वळणावर पायडलं त्यांच्यापुढे धावू लागली, त्यांचे गुडघे हनुवटीला लागायच्या बेतात आले, तरी पाय थांबेनात. मी मागून ओरडत होतो, मामाजी, पाय थांबवा. अभिमानाने म्हणा, सवयीने म्हणा, तो माणूस उताराशी शर्यत लावत होता. आणि तिसऱ्या वळणाच्या अलीकडे, दोन्ही बाजूंना सागाचं रान आणि खाली धुरकट दिसणारा सपाट मुलूख, अशा ठिकाणी त्यांचे पाय हरले. थांबले. आधी कर्र्र असा गंजका आवाज आला, खाऱ्या पाण्याने वर्षानुवर्षं जाम झालेली फ्री जागी झाल्याचा, आणि मग त्यांची सायकल टिकटिकू लागली. टोपी उडाली. ती घ्यायला ते थांबले नाहीत. बघता बघता ते वळणाआड दिसेनासे झाले, आणि मी टोपी उचलून, ब्रेकचे नवे रबर जाळत त्यांच्या मागे निघालो. मनात नको नको ते येत होतं.

घाट संपतो तिथे रस्त्याखालच्या एका मोरीच्या कठड्यावर ते बसलेले होते. सायकल बाजूला उभी. केस उडालेले, डोळ्यांत वाऱ्याने आलेलं पाणी. मी टोपी पुढे केली. त्यांनी ती घेतली, पण घातली नाही.

"मास्तर, हे तुमी रोजच करता?"

"रोज नाही. गावाकडे आलो की."

ते बराच वेळ आपल्या सायकलच्या मागच्या चाकाकडे बघत राहिले. मग कबुलीजबाब द्यावा तसं म्हणाले, "मजा येते." आणि थोड्या वेळाने, "पंचावन वर्सं मले वाटत होतं का माह्यात हे नाई."

मी बोललो असतो तर त्यांनी माझा शब्द पारखायला घेतला असता आणि विषय भलतीकडे गेला असता.

"आता मले माह्याच भरोसा नाई रायला," ते म्हणाले. "म्हंजे तुमी न् मी एकाच गाडीतला कापूस. पोरगी देतो. पन हे तिले सांगजा नोका."

मी शब्द दिला. लग्न त्याच उन्हाळ्यात झालं. मी कुसुमला खरोखरच काही सांगितलं नाही, पण ती मुलगी कुणाची होती हे मी विसरलो होतो. हळदीच्या दिवशीच तिने आपल्या आईला सहज विचारलं म्हणे, की बाबांच्या ब्रेकचे रबर एवढे काऊन झिजले. सासूबाईंना उत्तर ठाऊक नव्हतं. कुसुमला होतं, आणि तिने ते जन्मभर स्वतःजवळ ठेवलं.

त्यानंतर सासरे दरवर्षी कापसाचा हंगाम आटोपला की बुलढाण्याला येऊ लागले. मी तोवर बदली होऊन गावी आलो होतो. कधी कचेरीत काम असे, कधी कुणाच्या साक्षीला यायचं असे, कधी नातीचं बाळसं खरं आहे का ते बघायचं असे. सायकल एसटीच्या टपावर. जाताना मात्र बसवर भरवसा नाही म्हणून घाटाने. मी खालपर्यंत सोबत जायचो. घाट सुरू होईपर्यंत ते मला सरकारपासून सरकीपर्यंत सगळं कसं बनावट आहे ते सांगत, आणि पहिल्या वळणानंतर काही बोलत नसत. आमच्या दोन सायकली एकीमागून एक टिकटिकत जात. खाली मोरीवर बसून ते टोपी घालत, आणि टोपी डोक्यावर आली की पुन्हा आधीचे होत. इतक्या वर्षांत त्यांनी मला जवाईबापू म्हटलं नाही. सगळं गाव म्हणे, सासूबाई म्हणत. हे मास्तरच म्हणत. तपास पुरा झालेला नाही असं त्यात असायचं. मला त्याचं वाईट वाटे. आता सांगायला हरकत नाही, बरंच वाईट वाटे.

मग त्यांचे गुडघे गेले. डोळ्यांत मोतीबिंदू आला, आणि डॉक्टर संशयित असल्यामुळे तो तिथेच राहिला. जिनातली नोकरी कधीच सुटली होती. दोन वर्षं ते आमच्याकडे आले नाहीत. तिसऱ्या वर्षी आले ते काठी टेकत, मोकळ्या हाताने. एसटीच्या टपावर सायकल नव्हती. चार दिवस राहिले. कुठलंही काम निघालं नाही, कुणाची साक्ष नव्हती. निघायच्या सकाळी कुसुमने डबा बांधला, बापाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि कुणी काही म्हणायच्या आत माझ्या सायकलच्या कॅरिअरवर जुन्या सतरंजीची चौपदरी घडी सुतळीने बांधून टाकली.

सासऱ्यांनी ती दाबून पाहिली, सुतळीची गाठ ओढून पाहिली. नंतर म्हणाले, "पुढचा ब्रेक लागते ना?" मी लावून दाखवला. मागचाही दाखवला. मग ते बसले. एका बाजूला दोन्ही पाय सोडून, काठी मांडीवर आडवी धरून. उभ्या आयुष्यात ते पहिल्यांदा कुणाच्या तरी मागे बसत होते. एक हात त्यांनी माझ्या खांद्यावर ठेवला. तो सुकला होता, पण बोटं तशीच होती; सदऱ्यावरूनही ती काहीतरी चाचपत असल्यासारखी वाटली.

घाटाच्या माथ्यापर्यंत मी त्यांना चालवत आणि ढकलत कसं नेलं, ते सोडा. माथ्यावर थांबलो, दम घेतला, आणि निघालो. दोन माणसांच्या वजनाने सायकल लगेच वेग घेऊ लागली. माझे पाय स्थिर झाले. सागाची पानं गळून गेलेली होती, रान मोकळं झालं होतं, खालचा मुलूख पार दूरवर दिसत होता. त्यांना तो दिसत नव्हता हे मला माहीत होतं. वारा मात्र होता. मागच्या चाकात, अगदी त्यांच्या पायाशी, फ्री टिकटिकत होती, इतक्या जोरात की एरवी त्यांनी तो आवाज मैलावरून ओळखला असता.

दुसऱ्या वळणावर मागून आवाज आला. "पायडल मारून राह्यले काय?"

मी म्हटलं, "हो मामाजी, मारतोय."

टिकटिक चालूच होती. आम्ही दोघंही ती ऐकत होतो. खांद्यावरची बोटं क्षणभर घट्ट झाली, मग सैल पडली आणि नुसती टेकून राहिली.

"मारा, जवाईबापू," ते म्हणाले. "मारा."

त्याच पावसाळ्यात ते गेले. मी अजून सायकल चालवतो, पण घाटाने जात नाही. आता माझेही गुडघे तसेच झालेत. त्यांची काळी सायकल कुसुमने इकडे आणवून घेतली. ती ओसरीवर उभी असते, कुणी चालवत नाही. तरीही रोज सकाळी झाडून झाल्यावर कुसुम तिच्या मागच्या चाकाकडे वाकून पाहते. वॉल बरोबर तळाशी असतो.